खड्या पारशाचा मुलगा

भायखळ्याला उड्डाणपुलाच्या बेचक्यात एक पुतळा उभा आहे. बिडाच्या उंच खांबावर पारशी पगडी घातलेला, पायघोळ डगल्यातला एक वयस्क माणूस. मुंबई त्याला ‘खडा पारशी’ म्हणते. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना हे नाव कामी येतं, पण हा पारशी कोण आणि त्याला इथे कोणी खडा केला, हे विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. तर ते शेठ खरशेदजी माणेकजी श्रॉफ, १७६३ साली जन्मलेले आणि १८४५ साली वारलेले दानशूर व्यापारी. पुतळा उभारला त्यांच्या धाकट्या मुलाने, माणेकजी खरशेदजींनी. (बापाचं नाव मागे आणि आजोबाचं पुढे लावायच्या रिवाजामुळे पारशी घराण्यांत नावं रहाटगाडग्यासारखी फिरत राहतात आणि इतिहास वाचणाऱ्याची त्रेधा उडते.)

मला बोलायचं आहे ते या मुलाबद्दल, आणि त्याच्या निमित्ताने, बंद दाराआडच्या मंडळाच्या पुढाऱ्याची सेवा मोजायची कशी याबद्दल. बापाला सगळ्या शहराला दिसेल इतक्या उंच चढवणारा हा माणूस स्वतः मात्र एका खोलीच्या दाराशी बराच काळ ताटकळला होता. ती खोली होती फ्रीमेसन या बंधुमंडळाच्या लॉजची, म्हणजे स्थानिक शाखेची.

फ्रीमेसन म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘ते जगावर राज्य करणारे गुप्त लोक’. दुसरी, ‘ते काय, म्हाताऱ्या साहेबांचा क्लब’. उत्तर हिंदुस्थानात त्यांच्या इमारतीला लोक जादूघर म्हणत, म्हणजे तिसरीही एक प्रतिक्रिया होती: आत भुतं नाचतात. प्रत्यक्षात १७१७ साली लंडनमधल्या चार लॉजनी एका दारूच्या गुत्त्यावर जमून आपलं एक मध्यवर्ती मंडळ, ‘ग्रँड लॉज’, स्थापलं, तिथून या संघटनेचा नोंदलेला इतिहास सुरू होतो. खुणा सगळ्या गवंडीकामाच्या. गुण्या, ओळंबा, पाणसळ, कंपास, कमरेला कातडी ॲप्रन. पायऱ्या तीन: शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद. १७२३ साली छापलेल्या त्यांच्या नियमांत म्हटलं की सभासदाने आपापली मतं आपल्याजवळ ठेवावीत आणि ज्यावर सर्व माणसांचं एकमत आहे तेवढाच धर्म पाळावा. युरोपात धर्मावरून माणसं कापली गेल्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता. त्या पार्श्वभूमीवर हे वाक्य धाडसाचं होतं. पण त्याच नियमांत हेही होतं की गुलाम, बाई आणि अनीतिमान पुरुष यांना प्रवेश नाही. समता आहे, पण ती उंबऱ्याच्या आतली. उंबरा कोणी ओलांडायचा हे आतलेच ठरवणार.

ते कसं ठरतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. एक लाकडी पेटी असते. समोर मनगटापर्यंत हात जाईल एवढं भोक. शेजारी गोळ्या, पांढऱ्या आणि काळ्या. नव्या अर्जदाराचं नाव निघालं की प्रत्येक सभासद उठतो, मुठीत गोळी झाकून हात पेटीत घालतो, सोडतो आणि जागेवर येऊन बसतो. कोणी कोणती सोडली ते शेजाऱ्यालाही कळत नाही. शेवटी खालचा कप्पा ओढतात. सगळ्या पांढऱ्या निघाल्या तर माणूस आत, एखाददुसरी काळी निघाली तर बाहेर. कारण द्यायचं बंधन कोणावरही नाही. बाहेर अर्जदार हात बांधून उभा असतो आणि दारावर नंगी तलवार घेतलेला पहारेकरी. आत हात वर करून ‘हा नेटिव्ह मला चालत नाही’ असं म्हणायला किमान निगरगट्टपणा तरी लागला असता. पेटीने तीही गरज ठेवली नाही.

माणेकजींचं नाव मुंबईच्या लॉजपुढे आलं तेव्हा त्यांना नकार मिळाला. ते काही ऐरेगैरे नव्हते. १८०८ सालचा जन्म, इंग्रजीवर प्रभुत्व, पुढे मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात न्यायाधीश झाले. ते विलायतेला गेले, तिथेही काम झालं नाही. अखेर पॅरिसमधल्या एका लॉजने त्यांना दीक्षा दिली. म्हणजे आता ते रीतसर मेसन झाले होते, ‘बंधू’ होते. तरी मुंबईला परतल्यावर इथल्या लॉजचं दार उघडेना. जगातल्या कुठल्याही लॉजमध्ये तुला भाऊ मानतील, अशी शपथेवर ग्वाही देणारी संघटना, आणि तिचा भाऊ आपल्याच गावात परका. बंधुत्वाची ती ग्वाही बोटीतून उतरून कस्टमच्या दारातच अडकली म्हणायची.

इथे कोणी म्हणेल, काळच तसा होता. नव्हता. अर्काटच्या नवाबाचा मुलगा उमदत-उल-उमरा याला १७७० च्या दशकातच मेसन करून घेतलं होतं. लंडनच्या ग्रँड लॉजने त्याला मानाचा ॲप्रन आणि नियमांचं पुस्तक पाठवलं होतं. नवाबजाद्याचा रंग दिसत नव्हता, त्याचा धर्म आड येत नव्हता. शराफाच्या मुलाचं मात्र सगळं काही दिसलं. लॉजमध्ये सगळे ‘पाणसळीवर’ भेटतात, म्हणजे एका पातळीवर, असं मेसन अभिमानाने सांगतात. पाणसळ धरणारा हात कोणाचा यावर पातळी ठरते, हे कोणताही गवंडी त्यांना सांगू शकला असता.

माणेकजींच्या बाजूने उभा राहिला तो डॉ. जेम्स बर्न्स. कंपनी सरकारचा स्कॉटिश डॉक्टर, पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश मेसनांचा प्रमुख. १५ डिसेंबर १८४३ रोजी त्याने मुंबईत नवी लॉज स्थापली: ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’. उद्देश उघड होता, हिंदी माणसांना प्रवेश. माणेकजी तिचे सेक्रेटरी झाले. बर्न्सबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याचा सख्खा भाऊ सर अलेक्झांडर बर्न्स. नोव्हेंबर १८४१ मध्ये काबूलमध्ये जमावाने त्याला ठार केलं, बरोबर असलेला आणखी एक भाऊही मारला गेला. त्या घटनेने सगळ्या इंग्रजी हिंदुस्थानाची ‘नेटिव्हां’विषयीची भाषा अधिकच कडवट झाली. दोन भाऊ गमावलेला हा माणूस दोन वर्षांत पारशी आणि मुसलमानांना ‘भाऊ’ म्हणायला लॉज काढतो. त्याचे हेतू किती शुद्ध होते, साम्राज्याला मित्र हवे होते की नव्हते, ही चर्चा इतिहासकार करतात आणि ती व्हायला हवी. पण मला तो माणूस म्हणून मोठा वाटतो, हे लपवत नाही.

आता मूळ प्रश्न. अशा बंधुमंडळाच्या पुढाऱ्याची सेवा मोजायची कशी? आपल्याकडची मृत्युलेखांची आणि गौरवग्रंथांची रीत ठरलेली आहे. अमुक साली दीक्षा, तमुक साली मास्टर, नंतर जिल्ह्याचे प्रमुख, मग प्रांताचे. पदकांची यादी. मग दानधर्म: घोंगड्या, वह्या, मोतीबिंदूची शिबिरं, रुग्णवाहिका. शेवटी ‘ते अजातशत्रू होते’. मेसनच कशाला, कुठल्याही मंडळाच्या, क्लबाच्या, ज्ञातिसंस्थेच्या माजी अध्यक्षाचा लेख याच साच्यातून निघतो. हे दान खोटं असतं असं मी म्हणत नाही. मोतीबिंदू काढलेल्या आजीला पैसे कुठल्या मंडळाचे होते याच्याशी देणंघेणं नसतं, आणि तेच बरोबर आहे. पण दान हे सेवेचं सगळ्यात सोपं माप आहे. ते बंधुमंडळाबाहेरच्या कोणालाही करता येतं. जिथे दार, पेटी आणि शपथ आहे, तिथल्या पुढाऱ्याला वेगळा प्रश्न विचारायला हवा. आत गेल्यावर तू दार कोणासाठी उघडलंस? आणि आत काय आहे हे बाहेर सांगायची तयारी ठेवलीस का?

पहिल्या प्रश्नात माणेकजी पास होतात, पण पूर्ण गुणांनी नाही. दार उघडलं, आणि त्यातून पुढे कितीतरी लोक आत आले. पारशी विद्वान के. आर. कामा, फिरोजशहा मेहता हे याच परंपरेतले. लंडनला दादाभाई नौरोजी मेसन झाले. कलकत्त्यात मात्र हिंदू माणसाला, प्रसन्नकुमार दत्त यांना, प्रवेश मिळायला १८७२ उजाडलं, तेही दीर्घ भांडणानंतर. हिंदूंचे देव अनेक, मग त्यांनी ‘एका विश्वनिर्मात्या’ची शपथ घ्यायची कशी, असा युक्तिवाद तिथे चालला. हिंदी माणसांना प्रवेश देण्यात मुंबई पुढे होती ती माणेकजी आणि बर्न्स यांच्यामुळे. नंतर हिंदी लॉजमध्ये एकाच चौरंगावर गीता, कुराण, बायबल, अवेस्ता आणि ग्रंथसाहेब ठेवण्याचा प्रघात पडला. दृश्य म्हणून ते सुंदरच आहे.

पण गुण कापायचे तिथे कापलेच पाहिजेत. आत आले ते वकील, व्यापारी, डॉक्टर, संस्थानिक. वर्गणी परवडणारे, इंग्रजी येणारे, आणि सगळे पुरुष. जन्माने स्वतंत्र असावा ही अट बदलून इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १८४७ साली नुसतं ‘स्वतंत्र’ केलं, कारण वेस्ट इंडीजमधले मुक्त झालेले गुलाम अर्ज करू लागले होते. बाईची अट तशीच राहिली. मुंबईतल्या महारवाड्यातल्या एखाद्या शिकलेल्या माणसाचं नाव त्या पेटीपुढे आलं असतं तर तळाला किती काळ्या गोळ्या निघाल्या असत्या, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. स्वतः काळ्या गोळीचा मार खाल्लेला माणूस पेटीच मोडीत काढेल अशी आपली भाबडी अपेक्षा असते. बहुतेक वेळा तो एवढंच म्हणतो की माझ्यावर टाकायला नको होती.

ज्याने पेटीच्या बाहेर राहून वेगळा मार्ग धरला असा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. प्रिन्स हॉल, बॉस्टनचा काळा स्वतंत्र नागरिक. १७७५ साली तो आणि त्याच्याबरोबरचे चौदा काळे पुरुष ब्रिटिश फौजेतल्या एका आयरिश लॉजमध्ये मेसन झाले. फौज निघून गेली, बॉस्टनच्या गोऱ्या मेसनांनी त्यांना जवळ केलं नाही. हॉलने मिनतवारी करत दार ठोठावण्याऐवजी लंडनला अर्ज केला, १७८४ ची सनद मिळवली आणि स्वतःची ‘आफ्रिकन लॉज’ उभी केली. तिची पुढची शाखाप्रशाखा आजही त्याच्या नावाने चालते. गोऱ्या ग्रँड लॉजनी तिला मान्यता द्यायला विसाव्या शतकाचा शेवट आला. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने दिली ती १९९४ साली. दोनशे वर्षं एक पेटी काळ्या गोळ्या देत राहिली.

पण हॉलचं मोठेपण मला सनदेत दिसत नाही. ते दिसतं अर्जांत. १७७७ साली त्याने आणि त्याच्या साथीदारांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे गुलामगिरी संपवण्याचा अर्ज केला. १७८७ साली काळ्या मुलांच्या शाळेसाठी केला. १७८८ साली बॉस्टनमधून तीन स्वतंत्र काळ्या माणसांना फसवून जहाजावर घालून वेस्ट इंडीजला विकायला नेलं, तेव्हा पुन्हा अर्ज केला. त्याच वर्षी राज्याने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि ती तिन्ही माणसं परत आली. हे सगळे अर्ज उघड होते, खाली सह्या होत्या. ज्या शहरात काळ्या माणसाला भरदिवसा पळवून विकता येत होतं, तिथे हे लोक आपली नावं लिहून सरकारदरबारी देत होते. लपायचा सगळ्यात जास्त हक्क ज्यांना होता ते लपले नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाकडे आपण इथूनच वळतो. आत कोण आहे हे बाहेर सांगायचं का, त्या यादीचा प्रश्न.

मराठी माणसाला गुप्त मंडळीची ओळख फ्रीमेसनांमुळे नाही, घरच्याच एका संस्थेमुळे आहे. १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर तिचे प्रेरक, राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. जातिभेद मोडायचा हे ध्येय. सभासद बंद खोलीत जमत, प्रार्थना करत, ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात, मुसलमानाच्या हातचं पाणी पीत. आज वाचताना हसू येतं, पण त्या काळात तो पाव म्हणजे वाळीत पडण्याचा परवाना होता. बायको माहेरी जाईल, मुलीचं लग्न अडेल, मर्तिकाला भटजी मिळणार नाही. गुप्तता तिथे शोभेची नव्हती, चिलखत होतं. मग १८६० साली सभासदांची यादीच चोरीला गेली. नावं फुटली आणि मंडळी विरली. पुढे १८६७ साली तिच्यातल्या काही जणांनी प्रार्थना समाज काढला, तो उघड.

मला ही घटना नेहमी अस्वस्थ करते. यादी चोरणाऱ्याचा राग येतो, मंडळींची कीवही येते. पण त्याहून एक अडचणीची गोष्ट तिच्यातून दिसते. अकरा वर्षं आत पाव खाल्ला, पण बाहेर कोणासमोर एकदाही खाल्ला नव्हता. त्यामुळे यादी फुटली तेव्हा बाजूने उभं राहणारं बाहेर कोणी नव्हतं. आत सराव झाला होता, प्रयोग झालाच नव्हता. त्याच वेळी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई भरदिवसा शाळा चालवत होते आणि शेणाचे गोळे झेलत होते. १८७३ साली निघालेल्या सत्यशोधक समाजाने खोलीचं दार लावून घेतलं नाही. परमहंस मंडळींपेक्षा जोतीरावांकडे गमावण्यासारखं कमी होतं असं कोणी म्हणू नये. बापाने घराबाहेर काढलं होतं.

आता त्याच्या नेमकी उलट यादी. मार्च १९८१, इटली. पोलिसांना लिचो जेली नावाच्या एका उद्योजकाच्या तिजोरीत ९६२ नावांची यादी सापडली. ‘प्रोपागांदा दुए’ या मेसनिक म्हणवणाऱ्या लॉजची. मंत्री, खासदार, लष्करी अधिकारी, हेरखात्यांचे प्रमुख, संपादक, बँकवाले, आणि पुढे पंतप्रधान झालेले सिल्व्हियो बेर्लुस्कोनी. इटलीतल्या मुख्य मेसनिक संघटनेने ही लॉज आधीच निलंबित केली होती, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण यादी फुटली आणि सरकार पडलं. पुढच्या वर्षी गुप्त संघटनांवर बंदीचा कायदा आला.

दोन्ही याद्या गुप्तच होत्या, पण दोन्ही एका तागडीत तोलता येणार नाहीत. परमहंस मंडळी ताकदवानांपासून लपली होती. जेलीची मंडळी स्वतः ताकदवान होती आणि लोकांपासून लपली होती. कोण कोणापासून लपतंय, एवढं विचारलं की गुप्ततेच्या बहुतेक चर्चा सुटतात. दुर्बळ लपतो तो जीव वाचवायला. सत्ता लपते ती हिशेब टाळायला.

म्हणून माझं म्हणणं असं. लॉजचं दार बंद असायला माझी काहीच हरकत नाही. विधी गुप्त ठेवा, खुणा गुप्त ठेवा, तलवारवाला पहारेकरीही असू द्या. त्या खुणा आता कुठल्याही पुस्तकात मिळतात, तरीही. चार माणसांना एकत्र येऊन नाटक करायचा आणि मग जेवायचा हक्क घटनेने दिला आहे, त्याची चौकशी करणारे आपण कोण? पण जो माणूस न्यायासनावर बसतो, पोलिसांचा अधिकार वापरतो, निविदा उघडतो, नेमणुका करतो, त्याने तो कोणत्या शपथबद्ध मंडळाचा सभासद आहे हे जाहीर केलं पाहिजे. निवडणुकीच्या उमेदवाराला आपण मालमत्ता आणि खटले प्रतिज्ञापत्रावर लिहायला लावतो. त्यात एक ओळ वाढली तर आभाळ कोसळणार नाही. ज्याच्याशी ‘अडचणीत मदत करीन’ अशी शपथ घेतली आहे तो माणूस उद्या माझ्यासमोर वादी म्हणून आला, तर प्रतिवादीला ते ठाऊक असायला नको?

इंग्लंडने हा प्रयोग केला होता. १९९८ पासून नव्या न्यायाधीशांनी मेसन असल्यास तसं सांगायचं, असा नियम आला. २००९ साली तो मागे घेतला गेला, कारण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने इटलीच्या एका प्रकरणात मेसनांच्या बाजूने निकाल दिला होता: नुसत्या मेसनांनाच वेगळं काढून विचारणं हा भेदभाव आहे. मला हा निकाल पटतो, आणि त्यातून नियम रद्द करण्याऐवजी नियम रुंद करावा असं वाटतं. एकट्या मेसनांनाच का? सगळ्या बंदिस्त मंडळांना विचारा. आपल्याकडे तर विचारायलाच हवं, कारण आपली सगळ्यात मोठी लॉज म्हणजे जात. तिचा परवलीचा शब्द आडनाव, तिची खूण ‘मूळ गाव कोणतं हो?’, आणि तिची काळी गोळी कोण टाकतो हे दीडशे वर्षांत कोणाला दिसलेलं नाही. मेसनांना गुप्त म्हणून हिणवणारा माणूस त्याच दमात जातीच्या वधूवर मेळाव्याचं देणगीपत्रक छापतो, हे विनोदी आहे.

या भूमिकेवर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. याद्या माणसं मारतात. नाझी राजवटीने १९३५ पर्यंत जर्मनीतल्या लॉज बंद पाडल्या, सभासदांच्या नोंदी जप्त केल्या. स्पेनमध्ये फ्रँकोने १ मार्च १९४० रोजी फ्रीमेसनरी आणि कम्युनिझम दडपायला खास कायदाच केला, त्यासाठी वेगळं न्यायालय बसवलं. नुसतं नाव सापडणं हा गुन्हा झाला. उद्या आपल्याकडे अशी हवा आली तर मी मागतो आहे तीच यादी घेऊन कोणीतरी दार ठोठावील. हे मला मान्य आहे. म्हणूनच मी सगळ्या सभासदांची यादी मागत नाही. शाळामास्तर, दुकानदार, निवृत्त इंजिनिअर यांनी कुठल्या खोलीत ॲप्रन बांधला ही त्यांची खासगी बाब. यादी मागायची ती ज्यांच्या हातात लोकांचा अधिकार आहे त्यांच्याकडे, आणि ते अधिकारावर असेपर्यंत. तरीही धोका शिल्लक राहतो. तो पत्करावा असं मला वाटतं, कारण जेलीच्या तिजोरीचा अनुभव त्याहून महाग पडतो.

माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, सत्तरीचे, तीस वर्षं मेसन. करंगळीत गुण्या-कंपासची अंगठी घालतात आणि कोणी विचारलं तर हात खिशात घालतात. मी एकदा म्हटलं, ‘काका, लपवता कशाला?’ तर म्हणाले, ‘लपवत नाही रे. लोक चिडवतात. सैतानाची पूजा करता का विचारतात. वर्षाचा हिशेब वाचून दाखवला तरी ऐकायला थांबत नाहीत.’ त्यांची तक्रार खरी आहे. अफवा पिकवणारे आपणही यात सामील आहोत. पण अफवेला खत मिळतं ते झाकण्यानेच. नोव्हेंबर १९६१ मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली तेव्हा रामपूरचे नवाब तिचे पहिले प्रमुख झाले, हे काही कोणी लपवलं नव्हतं. के. आर. कामांच्या मेसनिक आयुष्याला पन्नास वर्षं झाली म्हणून १९०७ साली मुंबईच्या बंधूंनी गौरवग्रंथ छापला, त्यांचं नाव मुखपृष्ठावर घालून. आपण मेसन आहोत याची त्या पिढीला लाज नव्हती, उलट मिरवायची हौस होती. अंगठी खिशात कधीपासून गेली, आणि का, हे शोधण्याचं काम मेसनांनी स्वतःच करायला हवं. त्यांच्या कपाटांत दीडशे वर्षांच्या सभावृत्तांताच्या वह्या असतील तर त्या अभ्यासकांना उघडून द्याव्यात. मुंबईच्या व्यापाराचा, धर्मांच्या सहवासाचा, अगदी भांडणांचाही तो इतिहास आहे. त्याला वाळवी लागली तर कोणतंच गुपित वाचणार नाही.

माणेकजींकडे परत येतो. ते न्यायाधीश होते आणि मेसनही होते, आणि दोन्ही गोष्टी गावाला ठाऊक होत्या. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेनेही त्यांना आधी नाकारून मग १८४० साली घेतलं होतं. म्हणजे दारं ठोठावण्याचा त्यांचा सराव दांडगा होता. गोऱ्यांच्या पंगतीत बसायची त्यांना हौस होती, त्यांच्या समाजातल्या लोकांनी तसं बोलूनही दाखवलं असेल. मला वाटतं होतीच. पण त्या हौसेतून त्यांनी एक गोष्ट केली जी लॉजच्या कुठल्याही नियमात बसत नव्हती. १८६३ साली त्यांनी मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली, प्रिन्स ऑफ वेल्सच्या नववधूचं, अलेक्झांड्राचं नाव देऊन. मुलींना शिकवायचंच तर मातृभाषेत शिकवा, इंग्रजी कशाला, असं म्हणणारे सुधारकही तेव्हा होते. १८४९ पासून मुंबईत मराठी-गुजराती कन्याशाळा चालू होत्याच. त्या वादात दोन्ही बाजूंकडे मुद्दे होते. शाळा श्रीमंतांच्या मुलींची होती हेही खरं.

तरी पाहा, ज्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षं बायकांना मज्जाव असलेल्या खोलीत शिरण्यासाठी घालवली, त्यानेच मुलींसाठी दुसरी खोली बांधली. त्या खोलीलाही एक यादी होती. ती सकाळी मोठ्याने वाचायची असते आणि जिचं नाव येईल तिने उठून ‘हजर’ म्हणायचं असतं.